स्पिरिदोनची बॅटरी

अल्दान नदीकाठच्या त्या गावात पारा उणे चाळिसालाच गोठून बसतो. पुढची थंडी किती, हे लोक नाकातल्या केसांना विचारतात. त्या सकाळी प्रोकोपीच्या नाकाने चोपन्न सांगितलं आणि त्याच्या गाडीच्या बॅटरीने मान टाकली.

आठ हिवाळे ती रोज संध्याकाळी गाडीतून निघून घरात यायची आणि चुलीशेजारी शालीत झोपायची. "माझ्यापेक्षा हिचं पांघरूण जाड," असं बायको वार्वारा म्हणायची. तीच वार्वारा आता नदीपलीकडच्या इस्पितळात होती. पोटाचं ऑपरेशन झालेलं, आज दुपारी सोडणार होते. थंडीपायी बस बंद. ऐंशी किलोमीटरची वाट, त्यात वीस गोठलेल्या नदीवरून. मध्येच इंजिन बंद पडून पुन्हा लागलं नाही, तर ओल्या टाक्यांची वार्वारा तासभरही काढणार नव्हती.

दुकानदार एर्चिमने मोठी चकचकीत बॅटरी काउंटरवर आदळली.

"ही घे काका, रेडा आहे रेडा."

"रेडा पोटाने मोठा असतो. थंडीत पहिला झटका किती देते ते बोल."

एर्चिमने लेबलावरून अंगठा बाजूला केला. आकडा हवा त्याच्या निम्माच होता. शिवाय वायर जोडायची टोकं जाडी, आणि प्लस भलत्याच बाजूला. प्रोकोपीची गाडी जपानची जुनी, उजव्या स्टिअरिंगची. वायर तिथवर पोचलीच नसती.

"फिरवून बसव की."

"तुझं डोकं फिरवून बसवतो आधी!"

एर्चिम हसला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्या गाडीला बसेल अशी बॅटरी गावात एकच आहे काका. कुठे आहे, तुलाही ठाऊक आहे."

ठाऊक होतं. स्पिरिदोनची गाडी अगदी तशीच. दीड महिन्यापूर्वी नदीच्या कोवळ्या बर्फावरून गेली ती सरळ खाली. गाडी आकड्याने ओढून काढली, स्पिरिदोन नाही सापडला.

त्याची विधवा मात्र्योना हिने बोट केलं. बॅटरी अंगणात बर्फावर पडली होती, उघडी. एवढ्या थंडीत दुसरी कुठलीही दोन दिवसांत फुटली असती. प्रोकोपीने मीटर लावला, तर काटा ताठ. जणू आत्ताच कारखान्यातून आलेली.

"वहिनी, हिला घरात का नाही ठेवलीत?"

"ने. काही विचारू नकोस."

किल्ली पुरती फिरायच्या आत इंजिन गुरगुरलं. नदी त्याने एका दमात ओलांडली.

इस्पितळाच्या खिडक्यांखाली चालू गाडी ठेवू देत नव्हते, आणि कागदांना दोन तास लागणार होते. मग प्रोकोपीने तेच केलं जे तिथला कुणीही करतो. बॅटरी काढली, कडेवर घेतली आणि वार्वाराच्या खाटेशेजारी, खोली तापवणाऱ्या गरम नळीला टेकवून ठेवली.

जरा वेळाने वार्वारा म्हणाली, "अहो, ही पाझरतेय."

आम्ल असतं तर फरशी चरचरली असती. हे नुसतं पाणी होतं. गार, नदीच्या शेवाळाच्या वासाचं. बादलीभर निघालं तरी थांबेना. प्रोकोपी पुसत राहिला. दुसरी बॅटरी नव्हती, आणि वार्वाराची खाट पुढच्या रोग्याला देऊन झाली होती.

परतीच्या वाटेवर नदी संपली, तेव्हा वार्वाराने मागे वळून बघितलं. मग म्हणाली, "मागची काच आतून का गोठलीय हो? आपण दोघं तर पुढे आहोत."

कुणीतरी मागे बसून श्वास सोडावा, तसा काचेवर पांढरा थर चढला होता. फक्त एकाच बाजूला.

"हिटर मागे पोचत नाही," प्रोकोपी म्हणाला. मागे वळून काही त्याने बघितलं नाही.

रात्री बॅटरी गाडीतच राहिली. सकाळी ती काढून तो मात्र्योनाच्या दारात गेला. तिचे केस विंचरलेले होते, चेहरा टवटवीत.

"इस्पितळात आत नेलीस?"

"सवयीनं नेली वहिनी."

"उबेला ठेवलीस?"

प्रोकोपीने मान हलवली. त्या मुलखात थंडीतून ज्याला आपल्या हाताने उबेला आणलं, त्याला पुन्हा बाहेर काढत नाहीत. मग तो माणूस असो नाहीतर वासरू.

"मग तुझी झाली. दीड महिना रोज दार वाजवायचा, 'आत घे, काकडलोय' म्हणायचा. तीस वर्षं संसार केला रे, पण तसल्या ओल्या अंगानं नाही घेतला मी आत. काल पहिल्यांदा माझा डोळा लागला."

तिने आतून कडी घातली.

प्रोकोपी बॅटरी आपल्या अंगणात ठेवून घरात शिरला. वार्वाराने चुलीपाशी तीन पेले मांडले होते.

"तिसरा कुणाला?"

"असं काय करता? तुमच्यापुढेच तर आत आला. कोट काढत नाही म्हणतो, ओला आहे."

चुलीशेजारची शाल जागेवर नव्हती. तिसऱ्या पेल्यातला चहा अर्धा झाला होता.