गाडीचे स्पीकर, बोटीची सुई

शेवटी असं झालं, की बाबांचा उजवा गमबूट भर धक्क्यावर ओढून काढण्यात आला आणि चमत्कार त्यातून घरंगळत बाहेर पडला.

पण हे अजून झालेलंच नाही. तुम्ही काही ऐकलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. गमबूट पायात आहे, बाबा अजून बाबाच आहेत, आणि धक्क्यावर एवढी गर्दी आहे की मांजराला माशापर्यंत पोचायचं तर रांगेत उभं राहावं लागतंय.

गर्दी एका निळ्या बोटीसमोर होती. बोट लहानशी, नाकाजवळचा रंग खरवडून निघालेला. मागच्या थंडीत तिचा मालक, ज्याला सगळा धक्का दादा म्हणायचा, मासेमारी करून परत येताना धुक्यात सापडला. बोट डाव्या हाताच्या खडकांवर चढलेली मिळाली. दादा मिळाला नाही. लोकांनी आठवडाभर शोधलं, मग हळूहळू एकमेकांकडे बघायचं टाळत आपापल्या जाळ्यांकडे वळले.

आणि मग बाबा आले. कुठून आले ते कुणी विचारलं नाही, कारण बाबा 'समुद्रातून' म्हणाले असते आणि मग पुढे काय बोलायचं हा प्रश्न पडला असता. अंगात भगवं नाही, पांढरं नाही. पिवळा रेनकोट आणि काळे गमबूट. ऊन असो, सावली असो, गमबूट काढायचे नाहीत, हा त्यांचा समुद्राला दिलेला शब्द. उजवा पाय ओढत चालायचे. तपश्चर्येनं पाय जड झालाय, असं लोक म्हणत. जड झाला होता, त्यात वाद नाही.

बाबांनी 'वातावरण शुद्ध करायला' काही रात्री रिकाम्या बोटीत एकट्यानं काढल्या आणि एका सकाळी जाहीर केलं, की दादा होकायंत्रात आहे.

"उत्तर म्हणजे काय?" केबिनमधल्या उलट्या क्रेटवर बसून बाबा विचारत. "लोक समजतात, दिशा. अरे, उत्तर म्हणजे प्रश्नाचं उत्तर! विचारा, सुई देईल. फक्त मोबाइल बाहेर ठेवा. मोबाइलनं आत्मा बावरतो."

होकायंत्र सुकाणूसमोरच्या फळीवर बसवलेलं होतं. बाबांचे पाय त्या फळीखाली. प्रश्न विचारला की सुई थरथरायची आणि गर्रकन फिरून दादाच्या बसायच्या जागेकडे बघायची. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. शिंप्यानं विचारलं, दुकानाचं दार रस्त्याकडे करू का? सुई फिरली. शिंप्यानं दार फिरवलं. आता गिऱ्हाईक थेट त्याच्या स्वयंपाकघरात यायचं, पण शिंपी खूश होता. जिवंतपणी दादानं कधी त्याला उसवलेली विजार सोडून दुसरा सल्ला विचारला नव्हता, आणि आता मेल्यावर स्वतःच सल्ला देत होता, याचंच त्याला अप्रूप.

दादाची धाकटी बहीण मात्र आत जायची नाही. तिला सगळे धाकटीच म्हणत. बाजारात तिचं छोटं दुकान होतं. गाड्यांमध्ये टेप, स्पीकर, अॅम्प्लिफायर बसवायचं. दुकानात बसून ती वायरी सोलत राहायची आणि कुणी बाबांचं नाव काढलं की आणखी एक वायर विनाकारण सोलायची.

कारण त्या बोटीतले स्पीकर तिनंच बसवले होते.

दादानं एके दिवशी दुकानात येऊन फर्मान काढलं होतं, "धाकटे, बोटीत गाणं पाहिजे. इंजिनाच्या वर ऐकू येईल असं."

तिनं दोन खोकी काउंटरवर ठेवली. "हा बोटीचा. प्लास्टिकचा पडदा, आतलं सर्किट लेप दिलेलं, खाऱ्या हवेला पुरून उरेल. आणि हा गाडीचा. कागदी पडदा, लोखंडी सांगाडा. वर्षभरात गंजून जाईल."

"वाजतो कुठला जोरात?"

"गाडीचा. चुंबक मोठं आहे. पण दादा, बोटीत गाडीचा..."

"बोट म्हणजे काय, गाडीच. फक्त रस्ता ओला." दादा स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की शेजारचा पानपट्टीवाला काय झालं बघायला आला. "आणि वर्षभरानं गंजला तर तू आहेसच की. बहीण कशाला असते?"

तिनं गाडीचेच बसवले. एक मागे छताला, एक डावीकडे, सुकाणूच्या फळीशेजारी, कारण दादाला डाव्या कानानं जास्त ऐकू यायचं. तो दिवसभर तिला उचलून खांद्यावर घेण्याच्या गोष्टी करत होता. तीस वर्षांच्या बाईला.

आता तिची खरी अडचण बाबा नव्हते. वहिनी होती.

वहिनी रोज केबिनमध्ये जाऊन बसायची. इतरांसारखं दार, लग्न, बदली असलं काही ती विचारायची नाही. एकच विचारायची, "कुठे आहे तो?"

आणि सुई वळून खडकांच्या पलीकडे, उघड्या समुद्राकडे बघायची.

"बोलावतोय," बाबा डोळे मिटून म्हणायचे. "पण आत्ता नाही. ज्या सकाळी पुन्हा तसंच धुकं पडेल, त्या सकाळी किनाऱ्याकडे पाठ करून सुईच्या मागे जा. भेट होईल."

बाबांचा हिशेब साधा होता. धुक्याचे दिवस संपले होते. पुढच्या थंडीपर्यंत क्रेट, गर्दी आणि घरोघरचं जेवण पक्कं.

पण हवामानाला बाबांची ओळख नव्हती. एका सकाळी लोक उठले तर धक्का गायब. पाण्यावर, बोटींवर, समोरच्या माणसाच्या नाकावर, सगळीकडे दाट पांढरं धुकं.

वहिनी दुकानात आली तेव्हा धाकटी शटर वर करत होती. वहिनीनं केस नीट विंचरले होते. लग्नाला निघाल्यासारखी इस्त्रीची साडी, आणि हातात दादाचा स्वेटर.

"चल, स्पीकर चालू करून दे. बंद पडलेत. मी जातेय, पण धुक्यात त्याला बोट दिसणार नाही. गाणं ऐकू आलं तर कळेल."

"वहिनी, तुला बोट चालवता येते का?"

"सरळ चालवता येते. सुईच्या मागेच तर जायचंय."

"त्या बाजूला खडक आहेत."

"म्हणून तर तिकडे जातेय."

 धाकटीनं हत्यारांची पेटी उचलली आणि कपाटातून बोटीच्या स्पीकरचं खोकं काढलं. वहिनीनं खोक्यावर हात ठेवला. "हे नको. गाडीचेच दुरुस्त कर. त्याला त्यांचाच आवाज ओळखू येईल."

"ते गंजलेत गं."

"कर ना तू. बहीण कशाला असते?"

धाकटीनं खोकं तसंच काखेत मारलं आणि निघाली.

धक्क्यावर सगळे जमले होते. बर्फाच्या कारखान्यातला आडदांड माणूस, ज्याला बर्फ्या म्हणत, दोरी धरून रडत होता. शिंपी रडत होता. बाबाही रडण्याच्या बेतात होते, पण वेगळ्या कारणानं. वहिनीनं त्यांना सांगितलं होतं, "तुम्ही सोबत चला. सुई तुमचंच ऐकते."

"मी? नाही, नाही. पती-पत्नीच्या भेटीत तिसऱ्या माणसानं..."

"चला की बाबा!" बर्फ्यानं त्यांना उचलून क्रेटवर नेऊन बसवलं. "तुम्हाला समुद्राचं काय भय? तुम्ही तिथूनच आलात."

बाबांनी फळीखाली पाय सरकवले. सुई थरथरली. गर्दीनं श्वास रोखला.

धाकटी डावीकडच्या स्पीकरसमोर उकिडवी बसली. जाळीचे चार स्क्रू काढून पेटीच्या झाकणावर ठेवले आणि जाळी बाजूला केली. आत गंजलेला सांगाडा होता, कुजलेला कागद होता, आणि मागच्या बाजूला, जिथे तळहाताएवढं काळं गोल चुंबक असायला हवं, तिथे काहीच नव्हतं. गंज तुटल्याची कड ताजी होती.

"चुंबक कुणी काढलं?"

 बाबांनी पाय आवरून घेतला. त्यांच्या गुडघ्याचा धक्का लागून पेटीचं झाकण कलंडलं आणि स्क्रू फळीखाली सांडले.

सांडलेले स्क्रू कसे जातात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जिथे हात पोचत नाही तिथे जातात. हे तिथे गेले नाहीत. संध्याकाळी वासरं गोठ्याकडे जावीत तसे चारही जण बाबांच्या उजव्या गमबुटाकडे सरकले आणि त्याच्या नाकावर उभे राहिले.

बोटीच्या कामाचे स्टेनलेसचे स्क्रू असते तर एकही हलला नसता. हे गाडीचे होते, लोखंडी.

"बाबा," शिंपी खाली वाकून म्हणाला, "तुमच्या बुटाला काटे फुटले."

"ही... ही पृथ्वीची शक्ती आहे. आत्मिक आकर्षण..."

"बर्फ्या, बूट काढ," धाकटी म्हणाली.

"समुद्राला दिलेला शब्द आहे!" बाबा ओरडले.

"समुद्राला मी सांगतो," बर्फ्या म्हणाला आणि त्यानं बाबांना बुटासकट धक्क्यावर आणून बूट ओढला. काळं, गोल, मधे भोक असलेलं चुंबक फरशीवर पडून घरंगळत शिंप्याच्या पायाशी गेलं. मागोमाग एक मोजा आणि पुष्कळ वास बाहेर आला.

धाकटीनं चुंबक उचललं आणि केबिनच्या दारात उभी राहिली. "या, बघा सगळे. मोबाइल घेऊन या, आत्मा बावरत नाही." तिनं चुंबक होकायंत्राभोवती फिरवलं. सुई त्याच्यामागे गरगर फिरली. इकडे नेलं की इकडे, तिकडे नेलं की तिकडे. "यात दादा नाही. स्पीकरचा तुकडा आहे. बाबा पाय हलवायचे, सुई हलायची. शिंपीकाका, तुमचं दार बाबांच्या अंगठ्यानं फिरवलं."

"माझं गिऱ्हाईक चुलीपर्यंत येतंय गं," शिंपी हळूच म्हणाला.

बर्फ्यानं बाबांचं बखोट धरलं. चौकीपर्यंत बाबा एका पायात गमबूट आणि दुसऱ्यात काहीच नाही अशा थाटात गेले, पण आता अजिबात लंगडत नव्हते.

गोष्ट इथे संपायला हवी होती. भोंदू पकडला गेला, वहिनी वाचली, लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण वहिनी अजून सुकाणूजवळ उभी होती. ती होकायंत्राकडे बघत होती. चुंबक दूर गेल्यावर सुई शांतपणे एका जागी येऊन थांबली होती. खऱ्या उत्तरेला.

"धाकटे, ते आधी कुठे होतं?"

"काय?"

"चुंबक. बाबाच्या बुटात जायच्या आधी."

धाकटीच्या हातातली वस्तू एकाएकी जड झाली.

"वहिनी, चल घरी."

"जिथे होतं तिथे ठेव."

"नको ना."

"ठेव."

तिनं ठेवलं. गंजलेल्या सांगाड्यामागे, जिथे तिनंच स्वतःच्या हातानं ते बसवलं होतं तिथे. आता सुई गरगर फिरली नाही, थरथरलीही नाही. कुणाच्या लक्षातही येणार नाही इतकीच डावीकडे सरकली. बारा अंश.

रोज दादा डोळ्यांनी घरी यायचा. दिवा दिसायचा, टेकडी दिसायची, कारखान्याची चिमणी दिसायची. होकायंत्राकडे बघायची वेळच यायची नाही. ते फक्त धुक्यासाठी होतं. मोबाइलवर नकाशा होता, पण त्या दिवशी त्यानं वहिनीला शेवटचा फोन केला तोच सांगायला, की गाण्यांनी बॅटरी खाल्ली, आता घरीच येऊन बोलतो. मग त्यानं नाक सुईच्या उत्तरेला धरलं, घराकडे. घरापासून बारा अंश डावीकडे खडक होते.

काखेतलं नवं खोकं धाकटीनं केव्हाच खाली ठेवलं होतं. त्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलं होतं: होकायंत्रापासून लांब बसवा. गाडीच्या खोक्यावर असं काही छापत नाहीत. गाडीला उत्तर लागत नाही, तिला रस्ता असतो.

वहिनीनं ते वाचलं. मग स्वेटर घडी घालून फळीवर ठेवला. रागाचा एक शब्द बोलली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं.

"त्याला कळलं असेल का गं?"

"नाही वहिनी. सुई उत्तर दाखवत होती. त्याच्या हिशेबानं तो सरळ घरीच येत होता."

"म्हणजे घाबरला नसेल."

"गाणं म्हणत असेल."

"भसाड्या आवाजात," वहिनी म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, कुणालाही काहीही न विचारता, रडली.

बाहेर लोक अजून उभे होते. धाकटी दारात आली. तिनं सांगितलं. "सुई खोटं बोलत नाही. ती खरंही बोलत नाही. तिच्याजवळ जे ठेवाल, तिकडे ती वळते. पुढच्या वेळी कुणी सुई फिरवून दाखवली, तर हात जोडायच्या आधी खाली वाकून बघा, जवळ काय ठेवलंय ते. बाबाच्या बुटात बघा. आणि आपल्या माणसानं बसवलेल्या वस्तूच्या मागेही बघा. मी बघितलं नाही. तुम्ही बघा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धुकं विरायला लागलं होतं.

त्या आठवड्यात बंदर कार्यालयाच्या खिडकीवर धाकटीचा एक अर्ज दाखल झाला. कारकुनानं तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि शिक्का मारून घेतला. तो असा:

प्रति, बंदर अधिकारी. विषय: उत्तर दिशेत बदल करून मिळणेबाबत. महोदय, निळ्या बोटीच्या अपघाताच्या चौकशीत 'चालकाने दिशा चुकवली' असा शेरा आहे. चालकाने दिशा चुकवलेली नसून दिशा बारा अंश डावीकडे होती. तरी उत्तर दिशा त्या एका सकाळपुरती, मागील तारखेपासून, बारा अंश डावीकडे सरकवण्यात यावी, खडक तेथून हलवण्याबाबत संबंधितांस कळवावे, आणि सदर बोट चालकासह घरी पोचली अशी नोंद घेण्यात यावी, ही विनंती.