कोहळ्याचा ईईजी

टिकारामशेठ राइस मिलवाल्यांना दान करायची हौस होती. दान केलेलं लोकांना दिसावं याची त्याहून मोठी. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी बहिऱ्या पोरांना चाळीस कानाची यंत्रं वाटली. ती लागू पडली हे सिद्ध करायला नागपूरहून ताराचंद डॉक्टर मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या ईईजी मशीनसकट सानगडीच्या शाळेत आले. शेठजींचं आभाराचं भाषण आधीच छापून तयार होतं. तपासणी तेवढी राहिली होती.

मशीन चालवायला आनंदराव होते. माणसं जोखायची त्यांची रीत हिशेबी: बोलणं किती, काम किती, वजा जाता उरतं काय. डॉक्टरांच्या खात्यावर सहा वर्षांत काही उरलेलं त्यांना आठवत नव्हतं.

सहा वर्षांची पंचफुला खुर्चीत बसली. डोक्याला लेप लावून तारांच्या चकत्या चिकटवल्या होत्या. छातीवर साबणाच्या वडीएवढी यंत्राची डबी, तिथून कानापर्यंत वायर. डॉक्टरांनी भोंग्यातून टूं आवाज सोडला. कागदावरच्या लेखण्या टुणकन उडाल्या. पुन्हा टूं, पुन्हा उडी.

“पाहा! मेंदूनं ऐकलं!” डॉक्टर म्हणाले, आणि ‘ऐकू येते’ असा दाखला लिहायला बसले. सकाळपासूनचा हा बारावा.

पंचफुलाची आई मंगलाबाई पुढे आली. “साहेब, असं नोका लिहू जी. सोमवारी हिले नागपूरच्या बहिऱ्यांच्या शाळेत न्याचं आहे. ऐकू येते म्हणून कागद पाहिला तं थे घेतीन का? गावच्या शाळेनं तं कवाच काढून देल्लं.”

“बाई, मशीन खोटं बोलतं का?”

“मशीनचं मले नाही मालूम. पण डबी लावून मांगून थाली बडवली, तरी पोरगी मान नाही फिरवत.”

“लक्ष नसेल तिचं.”

“दानाची वस्तू घ्याची आन् वरून तक्रार!” शेठजी पुटपुटले.

आनंदराव कागदाकडे बघत होते. भोंगा वाजला त्याच क्षणी लेखणी उडाली होती. मेंदू इतका तत्पर नसतो. कानातून अर्ज जातो, टेबलावर पोचतो, मग शेरा पडतो. थोडा का होईना वेळ लागतोच. इथं अर्ज पडायच्या आत सही होत होती.

“साहेब, ही डबीतली वीज आहे. भोंगा वाजला की तारांत शिरते. एकदा डबी काढून पाहू.”

“यंत्र काढलं तर यंत्राची तपासणी कशी होणार? जरा डोकं वापरा, आनंदराव.”

आनंदरावांनी डोकं वापरायचं ठरवलं, पण स्वतःचं नाही. शाळेमागे शकुबाई पंगतीची भाजी चिरत होती. तिच्याजवळचं एक अख्खं कोहळं उचलून त्यांनी टेबलावर ठेवलं, लेप चोपडला, चकत्या चिकटवल्या, वर डबी बांधली आणि भोंगा वाजवला.

लेखण्या टुणकन उडाल्या.

मग दारातून शकुबाई म्हणाली, “अवो माय! माह्या कोहळ्याले ऐकू येऊन राहिलं! आता याले कापाचं कसं जी?”

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. डॉक्टरांनी चष्मा पुसला. “हेच मला दाखवायचं होतं,” ते म्हणाले. “आधी दोष दाखवायचा, मग दूर करायचा. शिकवायची पद्धत असते.”

“हो साहेब,” आनंदराव म्हणाले. “सकाळच्या अकरा दाखल्यांनाही हीच पद्धत लावू.”

“जेवणानंतर.”

“आत्ताच गोळा करतो. पोरं गावी गेली म्हणजे दाखलेही जातील.”

पंचफुलाची डबी काढून लांब ठेवली. चकत्या पुन्हा लावल्या. भोंगा वाजला, मग आणखी मोठ्यानं, मग इतका मोठ्यानं की शेठजींनी कान झाकले. लेखण्या आपल्या संथ लयीत चालत राहिल्या. पंचफुलाचा मेंदू आपल्या उद्योगात होता. डॉक्टरांची त्यानं दखलही घेतली नाही.

डॉक्टरांनी जुना दाखला फाडला, नवा लिहिला आणि सही केली, नेहमीपेक्षा बरीच बारीक.

“काय लिहिलं जी?” मंगलाबाईनं विचारलं.

“ऐकू येत नाही,” आनंदरावांनी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि पोरीचा हात धरला.

“अरे, फोटो राहिला ना!” शेठजी ओरडले. “पोरीले डबी घालून उभी कर.”

“ऐकणारं एखादं पोट्टं पाहा जी फोटोले,” मंगलाबाई म्हणाली. “आमची गाडी सुटते.”