टेस्टिंगला काकासाहेब आला

"बघ पुंजा, एकदम टायमात!" काकासाहेबाने टेस्टिंगच्या पेटीवरचा आकडा दाखवला.

सुप्याच्या त्या कारखान्याच्या सबस्टेशनात पुंजाराम ऑपरेटर होता. पेटीतून खोट्या बिघाडाचा करंट सोडायचा आणि रिले किती वेळात वीज तोडायला लावतो ते मोजायचे, हे काकासाहेबाचे काम. आज रिले डोळ्याची पापणी लवायच्या आत चालला. गेल्या महिन्यात खरा बिघाड झाला तेव्हा मात्र तो ढिम्म राहिला होता. वीज तुटली नाही, आणि पुंजारामचा जोडीदार आदिनाथ दोन्ही हात भाजून नगरच्या दवाखान्यात पडला. साहेबलोक म्हणत, चूक आदिनाथचीच. आता रिले धड निघाला की ती कायमची त्याच्या माथी बसणार होती.

टेस्टिंगला काकासाहेबच यावा म्हणून पुंजारामच साहेबांच्या हातापाया पडला होता. दोघे पाथर्डीकडचे, एका गावचे, एका बाकावरचे. दुसऱ्या कुणालाही फिरवतील, काकाला नाही, अशी त्याची खात्री.

"अजून एकदा लाव," म्हणत तो वाकला, आणि त्याला दिसले. अपघाताच्या थोडे आधी, दसऱ्याला, आदिनाथने पॅनेलची पूजा करून एकेका रिलेच्या काचेवर कुंकवाचे बोट ओढले होते. शेजारच्या काचांवर ते वाळून अजून चिकटलेले होते. या एकाची काच कोरी करकरीत.

"काका, ह्यो रिले आमचा न्हाई."

काकासाहेब वायरी गुंडाळू लागला.

"कुनी बदलला? तू?"

"मला दिला, तू यायच्या आधी मी बसवला. लई खोलात जाऊ नको. साक्षीदार म्हनून सही कर."

पुंजारामच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या डब्यातली भाकर खाल्ली रं तू! न्हाई करत सही. नोकरी गेली तरी चालंल." त्याने तिथूनच आदिनाथच्या बायकोला, चांगुणाला, फोन लावला. "वहिनी, घाबरू नका. साहेबलोकांनी रिले बदललाय. मी सांगनार हाय सगळ्यांला."

पलीकडे चांगुणाने आवाज खाली आणला.

"नका सांगू, भाऊजी. परवा साहेब आल्ते. आमच्या पोराला, करनला, कामाला घेतो म्हनले. ह्यांनी चूक कबूल केली."

"सही केली त्यानं?"

"सहीला हात कुठंयत? पायाचा आंगठा दिला."

पुंजाराम स्टुलावर बसला. काकासाहेबाला निदान शिव्या तरी घालता येत होत्या. आदिनाथने, रोज शेजारी बसून जेवणाऱ्याने, त्याला एका शब्दाने विचारले नव्हते, आणि त्याच्यावर रागवायची सोयही नव्हती.

काकासाहेबाने खाली बघतच पेन पुढे केले. पुंजारामने सही केली. ती नेहमीसारखीच वळणदार आली, याची त्याला लाज वाटली.