पाय टेकायचा नाही

मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याने पाय खाली टेकायचा नसतो. सिग्नलला, पंपावर, चौकात, गाडी कुठेही थांबली तरी तोल सांभाळायचं काम पुढच्याचं. मागच्याने सामानासारखं गप्प बसायचं. लग्न ठरल्यावर ड्वेनने मला शिकवलेली ही पहिली गोष्ट, आणि इतकी वर्षं मी अतिशय गुणी सामान होते.

गेल्या सप्टेंबरात मी तो नियम मोडला. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे हॉटेलात शुक्रवारचे तळलेले मासे खाऊन आम्ही निघालो होतो. हॉटेलच्या आवारात खडी होती. ड्वेनने गाडी वळवून थांबवली आणि ती डावीकडे कलायला लागली. आधी थोडी, मग जास्त. त्याचा डावा पाय जमिनीवर होता, मला दिसत होता, पण त्या पायात कुणी नसल्यासारखा तो नुसता वाकत गेला. मी विचार न करता माझा पाय सोडला, बुटाचं टोक खडीत रुतवलं आणि जीव खाऊन रेटा दिला. गाडी सरळ झाली. ड्वेनने गिअर टाकला, मी पाय वर घेतला. मला वाटलं, त्याला वाटलं असेल की आपणच सावरली.

तेव्हापासून प्रत्येक थांब्याला माझा पाय खाली जातो. आमची जुनी गाडी, इथल्याच मिलवॉकीच्या कारखान्यात बनलेली, बुटकी, तिला बाजूला चामड्याच्या अरुंद पिशव्या, आणि मी ड्वेनपेक्षा चार बोटं उंच. दर रविवारी सकाळी त्याच्याबरोबर टोळक्याने गाड्या काढणारा त्याचा मित्र गॉर्डी आमच्या लग्नापासून म्हणत आलाय, "ड्वेनने बायको नाही केली, शिडी आणली." शिडी होते म्हणून पाय पोचत होता. पण लांबून थांबायची लाल पाटी दिसली की मी बूट पायदानावर सैल करून ठेवायचे. हवा कशी आहे, मक्याचं पीक कसं आहे, हे ड्वेन पुढून ओरडून सांगत असायचा, आणि मी मागे "हो, हो" म्हणत पुढचा चौक सपाट आहे की उतरता, एवढंच आठवत बसायचे.

आता कोणी म्हणेल, नवऱ्याला स्पष्ट सांगायचं ना. सांगणार काय? त्याला डायबेटिस आहे, आणि त्यात पाय बधिर होत जातात. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाई त्याच्या तळव्याला ठिकठिकाणी बारीक दोरा टेकवून "कळतंय?" विचारत होत्या आणि तो डोळे मिटून "हो, हो" म्हणत होता. एकदा तर त्यांनी दोरा टेकवण्याआधीच "हो" म्हणाला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या कार्लच्या मुलींनी बापाच्या गाडीची किल्ली काढून घेतली होती, त्याच्या भल्यासाठीच. कार्ल खिडकीशी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. पुढचा उन्हाळा त्याने पाहिला नाही. मला ड्वेन पडण्याची भीती वाटत होती आणि तो त्या खुर्चीत बसण्याचीही तितकीच वाटत होती. दोन भीतींच्या मध्ये मी माझा एक पाय टेकवून उभी होते.

एप्रिलमध्ये बर्फावर चाकं घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर टाकलेली हिवाळी वाळू झाडून झाली आणि ड्वेनने जाहीर केलं, नवी गाडी घ्यायची. "शेवटची," म्हणाला, "म्हणून नीट बघून."

बघायच्या गाड्या दोन. मिलवॉकीची नवी मोठी, आणि तिच्यासमोर जपानी, सहा सिलिंडरची. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकीवाल्याने जपानी गाडी बघायला जाणं म्हणजे एका चर्चमध्ये लग्न लावून दुसऱ्या चर्चच्या दारात घुटमळणं. गॉर्डीला कळलं तसा तो तडक आमच्या स्वयंपाकघरात आला.

"जपानी? तू? दंडावर मिलवॉकीचं गोंदण आहे ना रे तुझ्या? ते काय कातडीसकट सोलून काढणार?"

"नुसती बघतोय," ड्वेन म्हणाला.

"काय बघतोयस? आवाज ऐकलायस तिचा? आमच्या आईचं शिवणयंत्र परवडलं. आणि रिव्हर्स गिअर आहे म्हणे तिला! गाडी घेतोयस की कचऱ्याचा ट्रक?"

"चारशे किलोचं धूड पंपावर उलटं ढकलून बघ, मग बोल."

"ढकलतो की मी."

"परवा तुझा जावई ढकलत होता. मी बघितलं."

गॉर्डीने कॉफीचा घोट घेतला. "तो मधे मधे करतो. मी नको म्हणत होतो."

"हिचं इंजिन मांडी भाजत नाही," ड्वेन म्हणाला. "मागची सीट म्हणजे सोफा आहे. आर्लिसची पाठ दुखते."

"माझ्या पाठीला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "मला मिलवॉकीचीच हवी."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीच्या बाबतीत मी आजवर रंगसुद्धा सुचवला नव्हता.

"बघ," गॉर्डी खूश होऊन म्हणाला, "शिडीला अक्कल आहे."

अक्कल कसली! आदल्या शनिवारी ड्वेन इंजिनाबद्दल बोलण्यात गुंग असताना मी मिलवॉकीच्या त्या नव्या गाडीवर मागे बसून हळूच डावा पाय लांबवून पाहिला होता. अंगठ्याचं टोक फरशीला लागलं होतं, जेमतेम. गाड्यांची तुलना मीही करत होते, पण माझ्या तुलनेत एकच प्रश्न होता.

जपानी गाडीचं शोरूम ला क्रॉसला, नदीच्या अलीकडे. विकणारी केन्ड्रा नावाची मुलगी होती, दोन वेण्या आणि ग्रीसचे डाग पडलेले बूट. तिने मला हात धरून मागे बसवलं. पाठीला टेकायला पेटी, दोन्ही बाजूंना हात ठेवायला गाद्या, ढुंगणाखाली गरम होणारी सीट. मी पाय सोडला. तो बाजूच्या रुंद पेटीवरून गेला, पुढे आलेल्या लोखंडी गार्डला अडला आणि तिथेच लोंबकळत राहिला. फरशी पार खाली होती.

"कसं वाटतंय?" ड्वेनने विचारलं.

"पाळण्यात कोंबल्यासारखं. मला नाही आवडली."

"एवढी ऐसपैस आहे की."

"तू बस मग इथे. मी चालवते."

तो हसला नाही. एरवी पहिला प्रश्न इंजिनाचा विचारणारा माणूस गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. त्याने त्या गार्डवर थाप मारली आणि केन्ड्राला विचारलं, "आडवी पडली तर कशावर पडते?"

"पुढे हे आणि मागे हे गार्ड, त्यांच्यावर टेकते. पूर्ण आडवी होत नाही. मागच्या माणसाने पाय वर ठेवले असतील तर सहसा काही होत नाही त्याला."

"सहसा," ड्वेन म्हणाला आणि मान हलवली. नवी गाडी घेताना ती पडते कशी, हे कुणी विचारतं का?

केन्ड्राने किल्ली पुढे केली. "दोघंही जा. मागची सीट दुकानात बसून नाही कळत."

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ड्वेन किल्ली हातात घेऊन इतका ताठ उभा राहिला की मला जुना ड्वेन दिसला, बर्फातून दुधाचा टँकर घेऊन गोठ्यागोठ्याला फिरणारा. मी हेल्मेट चढवलं.

गावात पाच-सहा ठिकाणी थांबलो. प्रत्येक वेळी मी हातांखालच्या गाद्या धरून डोळे मिटत होते. प्रत्येक वेळी त्याने गाडी किंचित उजवीकडे कलती ठेवून उजवा पाय टेकला. हेल्मेटच्या आतल्या स्पीकरमधून त्याचा आवाज येत होता, शांत, अगदी कानाशी. "बघ, लोण्यासारखी चालते." मला वाटलं, त्याने आपली काहीतरी युक्ती शोधलेली दिसते. मी श्वास सोडला.

मग तो डोंगराकडे वळला.

"इकडे कशाला?" मी विचारलं.

"चढाला दम किती आहे बघतो."

गाडीला दम खूप होता. भीती मला माथ्यावरच्या तिठ्याची होती. तिथे चढ संपायच्या आत थांबायची पाटी आहे. एवढी जड गाडी चढावर धरायची तर उजवा पाय मागच्या ब्रेकवर लागतो, तोलायला उरतो तो डावाच. मी त्या पाटीची वाट बघत होते आणि ती येऊ नये म्हणून देवाला विनवतही होते.

"ड्वेन, थांबू नकोस. सरळ जा."

"गवताची ट्रॉली येतेय. दिसत नाही तुला?"

गाडी थांबली. त्याचा डावा पाय खाली गेला. ट्रॉली आमच्या पुढून जायला लागली, गठ्ठ्यांमागून गठ्ठे, संपेचना. आणि गाडी कलू लागली. मी पाय सोडला. तो गार्डला आपटून हवेत लोंबकळला. "ड्वेन!" मी ओरडले. त्याचा नुसता श्वास माझ्या कानात ऐकू आला. मग दाणकन आवाज झाला, सीट माझ्याखालून तिरकी झाली आणि मी डावीकडे, तिठ्याच्या मधोमध असलेल्या गवतात सरकले.

इंजिन बंद पडलं. ट्रॉली निघून गेली होती, चालवणाऱ्याने मागे पाहिलंही नसेल. गाडी तिच्या गार्डांवर तिरकी टेकली होती, केन्ड्राने सांगितल्याप्रमाणेच. ड्वेन इंजिनाच्या बाजूला गवतात उताणा होता.

"आर्लिस! पाय कुठे आहे तुझा?"

"आहे. वरच होता. काही झालं नाही."

"नीट बघ!"

"बघितला! दोन्ही बघितले!"

त्याने हेल्मेट काढलं आणि डोकं गवतावर टेकलं. "मग झालं," म्हणाला.

"काय झालं? काय झालं रे? भीतीने मेले असते मी!"

"तू पाय टेकतेस ते मला कळत नाही असं वाटलं तुला? गाडी काय आपली आपण सरळ होते?"

तोच पुढे बोलत राहिला, आभाळाकडे बघत.

"बोलणार काय होतो? की बायकोच्या पायावर गाडी चालवतोय? दर वेळी थांबताना वाट बघायचो, टेकला का, टेकला का. एखाद दिवशी घसरला असता तर चारशे किलो तुझ्या घोट्यावर. म्हणून ही बघितली. हिच्यावर तुझा पाय पोचतच नाही."

"आणि तू पडशील त्याचं काय?"

"मी पडलो तर पडलो."

मग मात्र माझं डोकं फिरलं. गाडी विकून मोकळं व्हायचं सोडून हा शहाणा पडायला सोयीची गाडी शोधत फिरत होता! मी त्याला मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं, त्याच्या आईने त्याला लहानपणी पुरेसं बदडलं नाही असंही म्हटलं. तो ऐकत होता, हात पोटावर ठेवून, रविवारी दुपारी पडतो तसा. मी अजून बोलणार होते, पण नाकात जळका वास भरला. जळकं रबर, आणि त्याच्याखाली दुसरंच काहीतरी.

"ड्वेन, पाय!"

"कुठला?"

"तुझा! तुझा पाय!"

त्याने मान उचलून पाहिलं. डावा बूट इंजिनाखालच्या तापलेल्या नळीला चिकटून दबला होता आणि त्यातून धूर येत होता. मी सीटला पाठ लावली, टाचा मातीत रोवल्या आणि रेटलं. गाडी हातभर नाही, जेमतेम बोटभर उचलली गेली. "ओढ!" मी किंचाळले. त्याने दोन्ही हातांनी स्वतःची पँट धरली आणि एखादा ओंडका ओढावा तसा पाय बाहेर ओढला. बुटाची एक बाजू वितळून गेली होती. मोजा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मी तोंड फिरवलं आणि परत वळवलं, कारण बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

ड्वेनच्या चेहऱ्यावर वेदनेचं नाव नव्हतं. तो त्या पायाकडे बघत होता, आणि बघता बघता त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. बर्फात टँकर घसरला तेव्हाही हा माणूस शीळ घालत घरी आला होता. ड्वेनला घाबरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि माझी तर पाचावर धारण बसली.

"खूप दुखत असेल, नाही?" त्याने मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. "खूप."

मी जवळचं सगळं पाणी त्यावर ओतलं. तो हाताला धरायला काहीतरी शोधत होता, मी माझा हात दिला. दुसऱ्या हाताने अँब्युलन्स बोलावली, मग केन्ड्राला फोन लावला.

"तिला सांग, दोष गाडीचा नाही," तो म्हणाला. "गाडी चांगली आहे. पण नको आम्हाला. ती नको आणि मिलवॉकीचीही नको."

मी तसंच सांगितलं. लांबवर भोंगा ऐकू यायला लागला होता. त्याने माझा हात घट्ट धरला.

"गॉर्डीला तू सांग," तो म्हणाला. "माझ्याने नाही व्हायचं."

"काय सांगू?"

त्याने वितळलेल्या बुटाकडे पाहिलं.

"म्हणावं, रविवारी माझ्यासाठी थांबू नका."