घड्याळवाल्याच्या खोलीतलं पाणी

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पायरीपायरीवर माणसं बसली होती, हातात रिकाम्या बाटल्या घेऊन, आणि सगळ्यांची नजर पहिल्या मजल्यावरच्या उघड्या दाराकडे. एसी मेकॅनिक हत्यारांची पिशवी छातीशी धरून वाट काढत होता. आजचं हे त्याचं सहावं घर. गुडघे सकाळपासून कुरकुरत होते.

"ओ, रांगेत या," एक बाई खेकसली.

"मी दुरुस्तीला आलोय."

"आम्ही सगळेच दुरुस्तीला आलोय," बाई म्हणाली, आणि नाइलाजाने जराशी सरकली.

वर घड्याळं दुरुस्त करणारे काका राहायचे. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांच्या खोलीतला एसी तेव्हापासून बंद होता, रिमोटमधले सेलसुद्धा काढून ठेवले होते. तरी रोज दुपारी त्या बंद एसीतून गारवा खाली उतरायचा आणि थोड्या वेळाने टपटप पाणी गळायचं. चमत्कार व्हायला माणसांना याहून जास्त काही लागत नाही. पाणी गळायला लागल्यावर आठवड्याभरातच त्याचा अर्थ सांगणारा माणूसही येऊन ठेपला होता.

त्याला मौनीबाबा म्हणत. आपण मौन धरलंय हे तो स्वतःच सांगायचा, आणि ते सांगायला त्याला दिवस पुरत नसे. काकांच्या गादीवर मांडी ठोकून, अंगावर शाल ओढून तो बसला होता. सबंध घरात तीच एक जागा गार होती हे त्याने पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

"बघा, बघा! बटण दाबलेलं नाही, रिमोटला सेल नाहीत, तरी बंद यंत्राला पाझर फुटलाय! हे पाणी नव्हे, अश्रुजल! डोळ्यांना लावा, चष्मा सुटेल! गुडघ्यांना लावा, काठी सुटेल!"

गुडघ्यांचं नाव निघाल्यावर मेकॅनिकलाही क्षणभर मोह झाला.

काकांच्या लेकीने त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"आईच्या खोलीतला एसी नुसता वारा टाकतो, गार होतच नाही. त्यासाठी बोलावलं तुम्हाला," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "दादा, आईच्या छातीत गाठ निघालीय. ऑपरेशनची एक तारीख तिने घालवली. आता येत्या गुरुवारची आहे, आणि डॉक्टर म्हणतात की यापुढे थांबायचं नाही."

"आणि काकू काय म्हणतात?"

"गेलेल्या बाबांना विचारते म्हणते. दुपारी आपल्या खोलीत बसते, एसी लावते, मनातल्या मनात प्रश्न विचारते. तासाभराने एसी बंद केला की इकडे बाबांच्या खोलीत पाणी गळतं. मौनीबाबा म्हणतो, ते रडतायत, सुरी लावून घेऊ नको म्हणतायत."

"गळतं म्हणजे नाहीच, असं?"

"कुठलं! शेजारच्यांच्या नोकरीचं विचारलं तेव्हाही गळलं होतं. ते आनंदाश्रू होते. दुःखाचे फक्त आमच्या वाट्याला."

मेकॅनिकचा पेला ओठांपाशीच थांबला. एक एसी लावला की दुसऱ्याच खोलीत गारवा. त्याला सगळं एका क्षणात कळलं, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटलं.

चार महिन्यांपूर्वी या घराच्या आउटडोरचं, म्हणजे गॅलरीतल्या बाहेरच्या मशीनचं, सर्किट कार्ड जळलं होतं. काका अंथरुणाला खिळलेले. त्यानेच नवं कार्ड बसवलं होतं, तिन्ही खोल्यांच्या वायरी काढून पुन्हा लावल्या होत्या. शेवटी कागदावर एक चौकोन असतो: प्रत्येक खोली एकटी चालवून पाहिली. त्या दिवशीही त्याची पाच घरं झाली होती. त्याने तिन्ही एसी एकदम लावले, तिन्ही गार झाले, त्याने चौकोनात खूण केली आणि निघाला.

आता गुपचूप वायरी बदलून, गॅस भरला असं सांगून सटकता आलं असतं. कुणालाही पत्ता लागला नसता. पण पाणी थांबल्यावर मौनीबाबा काय म्हणेल हे त्याला दिसत होतं: ऑपरेशनचा विचार केलात म्हणून ते रुसून गेले. आणि काकूंनी ते खरं मानलं असतं. त्याने पेला खाली ठेवला.

काकू आपल्या खोलीत घामाने निथळत बसल्या होत्या. मांडीवर रिमोट.

"काकू, आज उलटं करून बघू," तो म्हणाला. "तुमचा बंद ठेवा. काकांचा लावू."

"त्यांना त्रास नाही ना व्हायचा?"

"नाही होणार. कुणाला काही विचारूही नका. नुसत्या बसा."

त्याने सेल घातले आणि काकांचा एसी लावला. त्यातून कोंदट वारा यायला लागला. मौनीबाबाच्या कपाळावर घाम आला, शाल खांद्यावरून मांडीवर उतरली. इकडे काकूंच्या बंद एसीखाली हळूहळू गार वाटायला लागलं. तासाभराने मेकॅनिकने काकांचा एसी बंद केला, आणि थोड्याच वेळात काकूंच्या पलंगावर टप्पकन थेंब पडला.

मौनीबाबा गांगरला असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी असा बाबा पाहिलेला नाही. "आत्म्याने खोली बदलली!" तो ओरडला, आणि अख्खी गर्दी बाटल्यांसकट या खोलीतून त्या खोलीत गेली.

मेकॅनिकला हसूही आलं नाही. एवढी वर्षं त्याने माणसांची यंत्रं सुधारली होती, आणि माणसं मात्र होती तिथेच होती. त्याने काकूंना हाताला धरून गॅलरीत नेलं आणि आउटडोरचं झाकण उघडलं.

"चष्मा लावा आणि मला वाचून दाखवा. या पाइपवर काय लिहिलंय?"

"दोन," काकू म्हणाल्या. नवऱ्याशेजारी बसून त्यांनी आयुष्यभर बारीक आकडे वाचले होते.

"दोन म्हणजे तुमची खोली. आणि शेजारी जोडलेल्या वायरीवर?"

"तीन."

"तीन म्हणजे काकांची. आता ऐका. हे बाहेरचं मशीन एकच, खोल्या तीन. कुठल्या खोलीला गारवा द्यायचा हे वायरीवरून कळतं. वायरीने सांगितलं की त्या नंबरचा व्हॉल्व्ह उघडतो, म्हणजे नळच म्हणा ना, आणि गॅस त्या खोलीत जातो. इथे वायरींची अदलाबदल झालीय. तुम्ही एसी लावला की सांगावा तुमचा येतो आणि नळ काकांचा उघडतो. तिथला पंखा बंद, म्हणून आत बर्फ धरतो. तुमची खोली काही गार होत नाही, म्हणून तुमचा सांगावा थांबत नाही, बर्फ वाढत जातो. तुम्ही बंद केलं की तो वितळतो आणि गळतो."

"मग ते होते तेव्हा का नाही गळलं?"

"तेव्हा दोन्ही खोल्यांत दिवसभर एसी चालू असायचा. दोन्ही नळ उघडे. कुणाचा सांगावा कुणाच्या नळाला गेला ते कळणार कसं? ते गेले, त्यांचा एसी बंद झाला, आणि चूक उघडी पडली."

काकूंनी वाकून दोन्ही आकडे पुन्हा वाचले. दारात लेक उभी होती, तिच्यामागे गर्दीतली चार डोकी.

"कुणी केलं हे?"

"मी," मेकॅनिक म्हणाला. "कार्ड बदललं तेव्हा."

"मग ते... नव्हतेच?"

"नाही काकू. ते नव्हते. माझी चूक होती ती."

"ते कुठलंही घड्याळ चोवीस तास चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत," त्या म्हणाल्या. "आणि तू त्यांच्याच घरात न बघता खूण केलीस? दोन महिने मी त्या वायरीशी बोलत बसले रे!"

तो मान खाली घालून उभा राहिला. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"लाव नीट," काकू म्हणाल्या. "आणि मग एकेक खोली चालव. मी बघते."

त्याने वायरी आपापल्या जागी लावल्या. काकू प्रत्येक खोलीत जाऊन एसीसमोर हात धरून बसल्या. त्यांची खोली दोन महिन्यांनी पहिल्यांदा गार झाली. आपला एसी चालू ठेवून त्या काकांच्या खोलीतल्या बंद एसीखाली सगळ्यांत जास्त वेळ उभ्या राहिल्या. तिथे ना गारवा उतरला, ना थेंब पडला.

"गेले!" मौनीबाबाने छाती पिटली. "अपमान झाला, निघून गेले!"

"काल सुरी नको म्हणून रडत होते, आणि आज दोन स्क्रू फिरवल्यावर गेले?" काकू म्हणाल्या. "माझा नवरा स्क्रूला टांगलेला नव्हता. उठा त्या गादीवरून."

बाबा उठला. बोलण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं, पण ऐकणारे जिना उतरायला लागले होते. जाताना त्याने शाल मात्र आठवणीने उचलली.

मेकॅनिकने कागदावर लिहिलं: वायरींची अदलाबदल, चूक माझी. चौकोनात खूण करायला पेन टेकवलं तर काकूंनी ते काढून घेतलं आणि खूण स्वतः केली. मग त्या काकांच्या गादीवर बसल्या आणि मोठ्याने रडल्या. लेक त्यांच्याजवळ बसली. मेकॅनिक पिशवी उचलून हळूच बाहेर पडला.

जिन्यावर मघाची बाई एकटीच उरली होती, रिकामी बाटली घेऊन.

"माझ्या पोराला तीन आठवडे ताप आहे," ती म्हणाली. "आता काय लावू त्याला?"

मेकॅनिक गुडघे सांभाळत तिच्याशेजारी बसला. "डॉक्टरला दाखवा. उद्या सकाळी, दवाखाना उघडताच. आणि बाई, कुणी बंद मशीनमधून पाणी काढून दाखवलं, तर ते अंगाला लावायच्या आधी कुठून येतंय ते बघा. स्वतः बघा. मी सांगतो म्हणूनही मानू नका. माझीच खूण चुकली होती."

बाईने बाटली पायरीवर ठेवून दिली.

वरून काकूंचा आवाज आला, रडून घोगरा झालेला. "गुरुवारी किती वाजता पोचायचंय गं?"

"सातला," लेक म्हणाली.

"मग सहाला निघू. आणि ती फाइल काढून ठेव, मला सगळे कागद आधी वाचायचेत."