गाडी चालती राहावी म्हणून

भाऊ गेला आणि त्याची छोटी निळी गाडी मागे राहिली. नणंदेला ती चालवता येत नव्हती आणि भावजयीला ती विकवत नव्हती. दारात उभी राहून राहून बॅटरी पार बसली, तेव्हा मेकॅनिकने दोघींना स्पष्टच सांगितलं, "आठवड्यातून एकदा तरी हिला लांबवर फिरवून आणा. नुसती गल्लीतल्या गल्लीत नको. ते जमत नसेल तर सरळ भंगारात द्या."

"भंगारात नाही द्यायची," दोघी एकदम म्हणाल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. एकमत होण्याची दोघींनाही सवय नव्हती.

भांडण असं कधी झालं नव्हतं, पण सख्य होतं ते विळ्याभोपळ्याचं. नणंद हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. नुकतीच निवृत्त झाली होती. लग्न केलेलं नाही, बोलणं तुटक, आणि जुन्या वास्तूंचं वेड डोक्यात पक्कं बसलेलं. भावजयीचं केस कापायचं दुकान होतं. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाइकांच्या संसाराच्या कथा ऐकायच्या आणि घरी आल्यावर मौनव्रत, असा तिचा खाक्या. दोघी एकाच इमारतीत राहायच्या, एक वर, एक खाली.

"लांबवर म्हणजे जायचं कुठे, वन्सं?" भावजयीने विचारलं.

"ते माझ्यावर सोड, वहिनी."

मग दर रविवारी गाडी निघायला लागली. प्रसिद्ध राजवाडे आणि गर्दीचे किल्ले नणंदेने मुद्दाम टाळले. तिला बघायची होती ती बंद पडलेली टांकसाळ, कैद्यांकडून बांधून घेतलेला पूल, जकातीचा बुरूज. पाटीसुद्धा गंजून पडलेली असायची. भावजय सावली बघून गाडी लावायची, सीट मागे करायची आणि रेडिओ सुरू करायची. नणंद एकटी आत जायची, गुडघ्यापर्यंत धूळ घेऊन परत यायची आणि घर येईपर्यंत काय काय पाहिलं ते सांगत राहायची. भावजय रस्त्यावरची नजर न काढता "हं" म्हणायची.

"एकदा तरी आत ये की," नणंद म्हणायची.

"पडझड बघायला एवढ्या लांब कशाला यायचं? घरी आरसा आहे माझ्याकडे."

नणंदेने नाद सोडला.

एका रविवारी त्या जमिनीखालचा एक जुना हौद बघायला गेल्या. तो एका टायरच्या दुकानामागे होता. कधीकाळी सगळ्या गावाला त्यातलं पाणी पुरायचं. आता तो कोरडा होता आणि दाराची किल्ली टायरवाल्याकडे असायची. त्याने हात पुसत किल्ली दिली. "पायऱ्या गुळगुळीत झाल्यात, जपून. खाली फोन लागत नाही. मी जेवायला घरी चाललोय. झालं की किल्ली शटरखालून आत सरकवा."

नणंद खाली उतरली. छतातल्या एका गोल भोकातून उजेडाचा खांब सरळ तळापर्यंत आला होता आणि त्याच्या आजूबाजूला अंधारात दगडी खांबांच्या रांगा उभ्या होत्या. वर बघत उतरायचं नसतं, हे तिला कळत होतं. तरी ती वर बघतच उतरली. तळाजवळ पाय सटकला आणि घोटा अंगाखाली मुडपला.

आवाज तिने ऐकला. आयुष्यभर मोडक्या हाडांचे फोटो काढलेले. आता आपला कसा येईल तेही तिला बसल्या जागी दिसलं.

"वहिनी!" तिने हाक मारली. हौदाने ती हाक चहूबाजूंनी परत केली, पण वर काही गेली नाही. गाडीच्या काचा बंद असणार, रेडिओ चालू असणार. आणि समजा ऐकू गेलं, तरी येणार कोण? लिफ्टमध्ये गुदमरतं म्हणून कुठेही चार-चार मजले चढून जाणारी बाई ती. नणंदेने भिंतीला पाठ टेकली आणि कुणी पर्यटक येईल का याचा विचार केला. असल्या जागी पर्यटक येत नाहीत म्हणून तर ती येत होती.

बऱ्याच वेळाने वरच्या पायऱ्यांवर फोनचा उजेड हलला. भावजय येत होती. चालत नव्हे, लहान मूल उतरतं तशी, बसून, एकेक पायरी घसरत.

"वन्सं, आहात ना?"

"आहे. घोटा गेला. तू वर जा, वहिनी. टायरवाल्याला बोलाव."

"शटर बंद आहे. पाटीवरचा नंबर लावून आले. तो माणसं घेऊन निघालाय, पण घर लांब आहे म्हणाला."

"म्हणजे तू त्याला आधीच फोन केलास?"

"एवढा वेळ तुम्ही कुठे रमत नाही. दारातून दोन हाका मारल्या, उत्तर नाही. मग काय, पूजा घालत बसू?"

तिला धाप लागली होती आणि कपाळावर घाम होता. तरी तिने हात चालवले. नणंदेची छत्री पायाशी लावली आणि गळ्यातल्या स्कार्फने घट्ट बांधली. दुकानात गिऱ्हाइकाची मान धरावी तसा पाय धरून म्हणाली, "हलू नका. हललात तर वाकडं होईल."

बांधून झालं. नणंद म्हणाली, "आता वर जाऊन उजेडात बस. तुला त्रास होतोय."

"होतोय," भावजय म्हणाली आणि तिच्या शेजारीच बसली. बॅटरी वाचवायला तिने फोनचा दिवा बंद केला. अंधारात तिने नणंदेचा हात इतका घट्ट धरला, की घोट्याचं दुखणं क्षणभर मागे पडलं.

"काहीतरी बोला," भावजय म्हणाली. "एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो तुमचा."

नणंदेला दुसरं काही सुचेना. ती दादाबद्दल बोलायला लागली. भावाच्या लग्नानंतरची ती वर्षं, तिघं मिळून सुट्टीच्या दिवशी कुठे कुठे जायची, दादा कसा प्रत्येक कमानीखाली थांबायचा. "किती मजा यायची ना आपल्याला!"

भावजय म्हणाली, "तुम्हा दोघांना यायची."

"म्हणजे?"

"तुम्ही बहीणभाऊ बोलत बोलत पुढे चालायचात. मी मागून डब्याची पिशवी घेऊन. कमान कुठली, राजा कोण, मला कुणी सांगितलं का कधी? एकदा मी यांना विचारलं, तर म्हणाले, तुला काय करायचंय, तू पाय दुखवून घेऊ नकोस, झाडाखाली बस. तेव्हापासून बसतेय."

नणंदेला वाटलं, काहीतरी समजूत घालावी. दादाच्या मनात तसं नव्हतं, वगैरे. पण पिशवी कुणाच्या हातात असायची हे तिला खरंच आठवत नव्हतं, आणि त्यातच सगळं आलं.

"मी मागे वळून पाहिलं नाही," ती म्हणाली.

"नाही पाहिलंत," भावजय म्हणाली. सुरात राग नव्हता. गिऱ्हाइकाला दर सांगावा तसं सांगितलं. मग तिनेच विचारलं, "हा हौद कुणी बांधला?"

नणंदेने सांगितलं. आधीच्या पडलेल्या इमारतींचे खांब आणून इथे उभे केले, म्हणून एक दुसऱ्यासारखा नाही. भावजयीने मध्येमध्ये प्रश्न विचारले. अंधाराला डोळे सरावले तशी ती उठून जवळच्या खांबापाशी गेली, हात लावून बघायला लागली. "यावर वेणी कोरलीय. आणि वन्सं, मध्येच पेड चुकलाय बघा. शेजारणीशी गप्पा मारत घातली असावी!"

नणंद हसली, पाय हलला आणि ती कळवळून ओरडली. त्यावर भावजय हसली. टायरवाला दोन माणसं आणि दुकानातली खुर्ची घेऊन उतरला, तेव्हा या बायकांना नक्की काय झालंय ते त्याला कळेना.

खुर्चीला दोर बांधून त्यांनी नणंदेला वर काढलं. हॉस्पिटलात तिच्याच जुन्या खोलीत तिचा फोटो निघाला. पाय कसा तिरपा ठेवायचा हे तिने नव्या मुलीला इतक्या वेळा सांगितलं, की मुलगी शेवटी म्हणाली, "बाई, आज तुम्ही पेशंट आहात." प्लास्टर चढलं. भावजयीने तिला वरच्या मजल्यावर जाऊच दिलं नाही, आपल्याच घरी ठेवून घेतलं. तिथे दोघींचं रोज खटकायचं. चहात साखर किती, खिडकी उघडी की बंद, कशावरूनही.

रविवार आला. "गाडी राहू दे या वेळी," नणंद म्हणाली.

"का? मेकॅनिकने काय तुमच्या पायाला विचारून सांगितलं होतं?" भावजयीने चाव्या उचलल्या. "माझ्या एका गिऱ्हाइकाने सांगितलंय. नदीकाठी जुना काचेचा कारखाना आहे. बघायला सोडतात."

कारखान्याच्या दाराला उंच उंबरठा होता आणि आत विटांचे ढीग. कुबड्या घेऊन जाणं शक्यच नव्हतं. भावजयीने गाडी सावलीत लावली, सीट मागे केली, रेडिओ लावून दिला आणि एकटी आत गेली.

नणंद बसून राहिली. रेडिओवरची गाणी संपून बातम्या लागल्या. आत काय असेल? भट्टी शाबूत असेल का? ही नेमकं बघायचं ते बघेल का? तिला आधी कंटाळा आला, मग राग आला, आणि मग रडू येतंय की काय असं वाटलं. तिने रेडिओ बंद केला.

भावजय आली ती धावतच. केसांत कोळिष्टकं, हातभर काजळी.

"काय होतं?" नणंदेने विचारलं.

"मोठं आहे. जुनं आहे. मांजरं आहेत."

"असं सांगतात होय!"

"मला नाही सांगता येत तुमच्यासारखं. म्हणून पहारेकऱ्याला गाठलं." ती गाडी सुरू करत म्हणाली. "पूर्वी वाळूच्या गाड्या आत जायच्या ना, ते मागचं फाटक तो उघडून देतोय. थेट भट्टीपर्यंत गाडी जाते. काच खाली करा, वन्सं, आणि मी विचारेन ते नीट सांगा."

मागचं फाटक करकरत उघडलं. निळी गाडी हळूहळू त्या उंच, काजळलेल्या दालनात शिरली, आणि मांजरं चारी दिशांना पळाली.