मंगळवारचे जास्तीचे किलोमीटर

मी डॉक्टर अनिरुद्धची स्कूटर बोलतेय. रंग मोरपंखी, वय नऊ वर्षं, मुक्काम जयपूर, मालवीय नगर.

हा रंग हर्षालीनं पसंत केला होता. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, खातीपुऱ्यात राहायची; वडील लष्करात. चार वर्षं ती माझ्या मागच्या सीटवर बसून अनिरुद्धच्या कानाशी बोलत असायची. मग वडिलांची बदली झाली, तिचं लग्न दुसरीकडे झालं, आणि मागची सीट रिकामी पडली.

दोन वर्षांनी सोलापूरहून विनया आली, अनिरुद्धची बायको होऊन. हसरी, पण नजर तिखट. हॉस्पिटलला जाऊन-येऊन माझे आठ किलोमीटर होतात. मंगळवारी मात्र तेहतीस! विनया भाजी आणायच्या निमित्तानं खाली यायची आणि माझं मीटर वाचून जायची. तिनं त्याचे खिसे चाचपले, माझी डिकीसुद्धा हुंगून पाहिली. मी मेली काय सांगणार?

एका मंगळवारी ती हॉस्पिटलच्या फाटकाशीच येऊन उभी राहिली.

"आज मलाही ने."

"कुठे?"

"दर मंगळवारी जातोस तिथे."

त्यानं तिला मागे बसवलं. खातीपुऱ्यात एका चहाच्या टपरीपाशी त्यानं मला उभं केलं. समोरच्या घराला कुलूप होतं.

"इथे हर्षाली राहायची," तो म्हणाला. "आता कोणी नाही. मी तिला भेटत नाही, फोनही करत नाही. शप्पथ."

विनयाला पटेना. तिनं चहावाल्याला गाठलं. "भैया, इनके साथ कौन आता है?"

"कोई नहीं, मैडमजी. दो चाय मँगवाते हैं, एक पीते हैं."

विनया मटकन माझ्यावर बसली. "ती समोर असती तर भांडले असते रे. या कुलपाशी काय भांडू?"

तिनं हात पुढे केला. "किल्ली दे."

तेव्हापासून मला तीच चालवते. त्याला सोडते, घ्यायला जाते. चहा सुटला, असं तो म्हणतो. खरंच सुटला असेल? मागे बसून तो कुठे बघत असतो, मलाही कळत नाही. विनयानं तर माझा आरसा वळवून त्याच्या चेहऱ्यावर रोखलाय. काल चौकात सिटी बस आम्हाला घासून गेली, तरी तिची नजर त्याच्यावरच.

विनये, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. जे विचारायचं ते घरी समोर बसवून विचार त्याला. आरसा तेवढा रस्त्याकडे फिरव ग.